आठाची फट

दिग्विजय इंगळे खुर्चीत बसायलाच तयार नव्हता.

बुधवार पेठेतल्या त्या कचेरीत फिरायला जागा अशी नव्हतीच. खाली स्पीकरचं दुकान, वर ही एक खोली; दोन टेबलं आणि एक कपाट. तरी तो कपाटापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. त्याच्याकडे बघून श्यामसुंदर घैसासांचा पायही टेबलाखाली हलायला लागला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना स्वस्थ बसणं जमत नसे, म्हणून तर ते थोरल्या वहिनींच्या या खासगी तपासाच्या कचेरीत यायला लागले होते.

"बसा," वासंती घैसास म्हणाल्या. "फरशी आमची नाही, मालकाची आहे. झिजली तर तो आम्हाला बोलेल."

दिग्विजय कसाबसा टेकला. "मॅडम, मी अपेक्षाला जवळजवळ मारलं असं सगळे म्हणतायत. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. मी मारलं की नाही, एवढंच मला शोधून द्या."

वासंतीबाईंनी पूर्वी विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "पहिल्यापासून सांगा. आणि आमच्या भाऊजींना कळेल असं सांगा. ते भूगोलाचे मास्तर आहेत."

अपेक्षा गावंडेकडे एक जुनी 'रोहिणी' गाडी होती. कंपनी कधीच बंद पडलेली. ती घाटातल्या शर्यतीत उतरवायची, असं तिच्या मनात होतं. इंजिन दिग्विजयने तयार केलं. त्यासाठी त्याने त्याच कंपनीच्या 'वनराज' या मालवाहू गाडीच्या मोठ्या इंजिनाचा कॅमशाफ्ट काढून रोहिणीत बसवला.

"कॅमशाफ्ट फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडतो," दिग्विजय हवेत बोटं नाचवत म्हणाला. "बंद करायचं काम स्प्रिंगचं. वनराजचा कॅम व्हॉल्व्ह जास्त खोल उघडतो, म्हणजे ताकद वाढते. पण मग खालून वर येणारा पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात अंतर फार थोडं उरतं. स्प्रिंगने व्हॉल्व्ह वेळेवर मागे खेचलाच पाहिजे. म्हणून मी स्प्रिंगाही वनराजच्याच घातल्या. डबल, एकात एक."

"आणि रविवारी?"

"ट्रॅकवर चाचणी होती. तिने पूर्ण वेग घेतला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. चाकं धरली, गाडी उलटली." तो पुन्हा उठला. "पायाची दोन हाडं मोडलीत तिच्या. शर्यतीच्या क्लबच्या माणसाने वरचं झाकण काढून पाहिलं आणि म्हणाला, दोन जातींच्या इंजिनांची भेसळ केली, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले. मी ज्यांच्याकडे काम करतो त्या सर्जेरावांनी मला वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायला बंदी केलीय."

"म्हणजे तुम्ही इंजिन पाहिलेलंच नाही?"

"नाही."

वासंतीबाईंनी पर्स उचलली. "भाऊजी, स्कूटर काढा."

सर्जेराव कोंढरे यांचं वर्कशॉप वारज्याच्या पुढे, नदीच्या अंगाला होतं. स्कूटरमागोमाग आलेल्या दिग्विजयला पाहताच त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ह्याला कशाला आणलं? मी आधीच बोललो हुतो, ह्या इंजिनाचं आतडं त्या इंजिनाला लावू नगं. ऐकतंय कोण!"

"पण कॅमशाफ्टची बेअरिंगं तुम्हीच बसवून दिलीत ना?" वासंतीबाईंनी विचारलं.

"दिली. पोरानं माप बरोबर आणलं हुतं, तर मी कशाला अडवू?"

"गाडी इथून कधी गेली?"

"शुक्रवारी. पोरगी घरला घिऊन गेली. जायच्या आधी ह्यानं हितंच पार काटा शेवटाला जाईस्तवर रेस केली. शेजारचा सुतार भांडायला आला. कायबी झालं न्हाई इंजिनाला, ते मातूर खरं हाय."

कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडत होता. श्यामसुंदरांना तो आवाज थेट डोक्यात घुसल्यासारखा वाटत होता. ते दारापर्यंत जाऊन परत आले, तोवर दिग्विजयने इंजिनाचं झाकण काढलं होतं आणि तो पुतळ्यासारखा उभा होता.

"ह्या माझ्या स्प्रिंगा नाहीत."

"म्हणजे?"

"ह्या सिंगल आहेत. रोहिणीच्या मूळच्या. मी काढून खोक्यात घालून डिकीत ठेवलेल्या!"

डिकी उघडली. खोकं होतं, पण रिकामं.

"फिलर गेज द्या," वासंतीबाई म्हणाल्या. पातळ पोलादी पट्ट्यांचा तो जुडगा घेऊन त्या वाकल्या. कॅम ज्याच्यामार्फत व्हॉल्व्ह दाबतो तो टॅपेट आणि न वाकलेला व्हॉल्व्ह यांच्यातल्या फटीत त्यांनी एकेक पट्टी सरकवून पाहिली. "तुम्ही फट किती ठेवली होती?"

"चौदा. म्हणजे इंचाचे चौदा हजारांश. वनराजच्या कॅमला चौदाच लागते."

"इथे आठाची पट्टी जेमतेम जातेय. सगळीकडे आठ, एकही कमीजास्त नाही. काम करणाऱ्याचा हात बसलेला आहे."

मग त्यांनी इंजिनाचा स्पार्क प्लग काढला. भोकाच्या आट्यांमध्ये काळपट तेलात भिजलेलं काहीतरी अडकलं होतं. त्यांनी चिमट्याने ते ओढून रुमालावर घेतलं. सुताचे धागे होते.

"सर्जेराव, इंजिन न खोलता स्प्रिंग बदलायची तर व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून तुम्ही काय करता?"

"प्लगच्या भोकातनं हवा मारतो. कॉम्प्रेसर कशाला हाय मग?"

"आणि कॉम्प्रेसर नसला तर?"

"आमचं वस्ताद दोरी भरायचं आत. पिस्टन वर घेतला की दोरी व्हॉल्व्हला खालनं टेकू देती. आता कोण करतंय तसं!"

स्कूटरवर बसता बसता श्यामसुंदर म्हणाले, "वहिनी, हा सर्जेराव मला काही सरळ वाटत नाही."

"तुम्हाला दूधवालाही सरळ वाटत नाही. चला, दिग्विजय ज्याचं नाव सांगत होता त्या पुष्करकडे."

पुष्कर बेहेरे टिळक रस्त्यावर राहत होता. शर्यतीत आधी अपेक्षाची रोहिणी तोच चालवणार होता. मग अपेक्षाने त्याच्यापेक्षा कमी वेळ नोंदवला आणि त्याची जागा गेली.

"ऑफकोर्स मला राग आला होता," तो म्हणाला. "पण म्हणून मी तिला मारीन? सीरियसली?"

"कॅमशाफ्टचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"चौदाची फट मीच चेक करायचो. दिग्याला हाताखाली माणूस नको का?"

"शनिवारी कुठे होतात?"

तो जरा चाचरला. "कर्वेनगरला. तिच्या सोसायटीत. हेल्मेट द्यायला. ती स्वारगेटला आत्याला आणायला गेली होती. मी हेल्मेट काकांकडे, तिच्या बाबांकडे दिलं आणि निघालो."

"वर घरी जाऊन?"

"नाही, काका खाली पार्किंगमध्येच भेटले."

बाहेर येताच श्यामसुंदरांनी वहिनींची वाट अडवली. "हाच! राग आहे, माहिती आहे, गाडीपाशी गेला होता. आणखी काय पाहिजे?"

"उत्तर पाहिजे, भाऊजी. ज्याला चौदा ठाऊक आहे, तो आठ कशाला ठेवेल?"

श्यामसुंदरांना ते कळलं नाही. कर्वेनगर येईपर्यंत प्रत्येक सिग्नलला ते 'चौदा, आठ' असं पुटपुटत होते. एकदा मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा दिवा हिरवा झाल्याचं त्यांच्या ध्यानात आलं.

गावंडे तिसऱ्या मजल्यावर राहत. इमारतीला लिफ्ट नव्हती. हिंमतराव गावंडे वाशीमहून तरुणपणी पुण्यात आले आणि रोहिणी बनवणाऱ्या त्याच कारखान्यात इंजिनं जोडत राहिले, तो बंद पडेपर्यंत. बायको वारली, तेव्हापासून घरात बाप आणि लेक. आदल्याच दिवशी अपेक्षाला दवाखान्यातून घरी आणलं होतं. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ती पलंगावर बसली होती.

"दिग्विजयची चूक नाही," तिने आधी तेच सांगितलं. "मी त्याला फोन करतेय, तो उचलत नाही."

"रविवारी गाडीत काही वेगळं जाणवलं?"

ती विचार करू लागली. "आवाज. टॅपेट नेहमी टिकटिक करायचे. त्या दिवशी इंजिन एकदम शांत होतं. मला वाटलं, दिग्विजयने आणखी काही हात फिरवला."

हिंमतरावांनी चहा आणला.

"तुम्ही पोलिसांत तक्रार दिली नाहीत?" वासंतीबाईंनी विचारलं.

"काहून द्यायची? पोरगी वाचली, बस झालं."

"इंजिनात दुसऱ्या गाडीचा कॅम आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"दवाखान्यात कळलं. तो पुष्कर ओरडत होता तेव्हा." ते खाली बघत म्हणाले. "मी तर त्या गाडीकडे फिरकलोही नाही कधी."

"बाबांनी घरात गाडीचं नाव काढायचं नाही असं बजावलंय," अपेक्षा म्हणाली. "ज्या इंजिनांवर यांनी जन्म काढला, त्याच इंजिनाबद्दल मी यांच्याशी बोलायचं नाही."

वासंतीबाई हात धुवायचं निमित्त करून गॅलरीत गेल्या. श्यामसुंदरही मागोमाग गेले. तिथे कपडे वाळत घातले होते. दोन दोऱ्या सुती, जुन्या, उन्हाने पिवळ्या पडलेल्या. तिसरी निळी, नायलॉनची, कोरी करकरीत.

वासंतीबाईंनी सुती दोरी बोटांनी चोळून पाहिली. मग म्हणाल्या, "भाऊजी, दिग्विजय, सर्जेराव आणि पुष्कर, तिघांनाही इथे बोलावून घ्या."

सगळे जमेपर्यंत श्यामसुंदरांनी जिन्याच्या दोन फेऱ्या मारल्या. शेवटी पलंगाभोवती खुर्च्या मांडल्या गेल्या. पुष्कर भिंतीला टेकून उभा राहिला, दिग्विजय दाराशी. हिंमतराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होते.

"आधी एक गोष्ट," वासंतीबाई म्हणाल्या. "दिग्विजयची जोडणी बरोबर होती. शुक्रवारी हेच इंजिन पूर्ण वेगात फिरलं आणि काहीही झालं नाही. सर्जेराव साक्षीला आहेत, शेजारचा सुतारही आहे. त्यानंतर रविवारपर्यंत कुणीतरी वनराजच्या स्प्रिंगा काढून रोहिणीच्या घातल्या. मऊ स्प्रिंग वेगाने उघडणारा व्हॉल्व्ह वेळेवर मागे खेचू शकली नाही आणि पिस्टनने त्याला गाठलं."

"दिग्याने स्वतःच घातल्या असतील," पुष्कर म्हणाला.

"त्याने घातल्या असत्या तर फट चौदाची असती. तुम्ही घातल्या असत्यात तरी चौदाचीच. सर्जेरावांनी तर त्या कॅमची बेअरिंगं स्वतः बसवलेली. स्प्रिंगा बदलल्यावर टॅपेट पुन्हा लावावे लागतात. ज्याने लावले त्याने आठ ठेवली, आणि ती इतकी अचूक, की चूक म्हणताच येणार नाही. फट कमी झाली म्हणून तर टिकटिक थांबली आणि अपेक्षाला इंजिन शांत वाटलं. आठ हे रोहिणीचं मूळ माप. म्हणजे हा माणूस रोहिणी कोळून प्यालेला होता, पण आत वनराजचा कॅम आहे हे त्याला माहीत नव्हतं."

"झाकण काढल्यावर दिसलं नाही त्याला?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"या इंजिनात कॅम खाली असतो, पोटात. वरून दिसतात त्या फक्त स्प्रिंगा. काम वर्कशॉपमध्ये झालं नाही. तिथे हवा मारली असती. इथे दोरी भरली. प्लगच्या आट्यांत सुताचे धागे राहिले. गाडी शनिवारी या इमारतीच्या पार्किंगमध्ये होती, चावी या घरात होती. गॅलरीतली एक सुती दोरी गेलीय आणि तिच्या जागी नवी आलीय. आणि गाडीकडे कधी न फिरकलेला माणूस त्या दुपारी पुष्करला पार्किंगमध्ये भेटला."

खालून भाजीवाल्याची आरोळी ऐकू आली.

"बाबा?" अपेक्षा म्हणाली.

हिंमतराव उंबऱ्यावरच खाली बसले.

"रोहिणीत व्हॉल्व्ह पिस्टनला लागतच नाही," ते म्हणाले. "कितीही मऊ स्प्रिंग घाला. इंजिन अडखळते, वेग घेत नाही, बस. मी हजारो जोडली, मला ठाऊक आहे. मला वाटलं, गाडी पळणार नाही, ही कंटाळेल, नाद सोडेल. तिची आई गेल्यावर माझ्याजवळ दुसरं कोण आहे?" त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. "आत दुसरा कॅम आहे हे मला कुणी सांगितलं असतं तर... पण मीच कुणाला बोलू दिलं नाही."

दिग्विजय दाराशी उभ्याउभ्याच रडायला लागला. आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय याचीच त्याला लाज वाटत असावी. सर्जेरावांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सोमवारपास्नं ये कामावर," ते पुटपुटले.

अपेक्षा बापाकडे एकटक बघत होती. "मला विचारलं का नाहीत? 'भीती वाटते गं' एवढंच म्हणायचं होतं. मी तुम्हाला बाजूला बसवून शिकले असते. तुम्ही जोडलेलं इंजिन म्हणून तर ती गाडी घेतली होती मी."

हिंमतराव उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले.

"कुठे निघालात?" अपेक्षाने विचारलं.

"चौकीवर. या पोराचं नाव खराब झालं. खरं काय ते सांगून येतो."

"थांबा." अपेक्षाने पलंगाला टेकवलेल्या कुबड्या ओढल्या. "जबाब माझाही लागेल."

"अगं, तीन मजले आहेत," श्यामसुंदरांना राहवलं नाही. "डॉक्टरांनी—"

"भाऊजी," वासंतीबाई म्हणाल्या, "दार धरा."

श्यामसुंदरांनी दार धरलं. दिवसभर वळवळणारे त्यांचे पाय आता जागचे हलत नव्हते. अपेक्षा एकेक पाऊल टाकत जिन्यापर्यंत आली. तिथे तिने एक कुबडी दिग्विजयच्या हातात दिली.

"मी तुमच्याशी बोलणार नाहीये, बाबा," ती म्हणाली. "किती दिवस, ते मलाच माहीत नाही."

हिंमतरावांनी मान हलवली.

"पण खाली पोचेपर्यंत धरा मला. नीट धरा."

त्यांनी तिच्या कमरेभोवती हात घातला, आणि दोघं पहिली पायरी उतरली.