दिवे हलले तेव्हा

अंपारो वेनेगासला या हंगामातून काय मिळणार, याचा हिशेब तिच्या मावशीने आधीच मांडून ठेवला होता. संगणकावरच्या खेळाची लीग, तिचा पहिलाच हंगाम, पंच सगळे हंगामी. शेवटचा सामना बिनबोभाट पार पडला की अंपारोची नेमणूक कायम. म्हणजे पोरगी लोकरीच्या दुकानातून सुटली, आणि गिऱ्हाईक पोरीच्या जांभयांतून. तोटा एकाच कलमात होता. पंचाने खेळाडूशी बाहेर बोलायचं नाही, साधी कॉफीसुद्धा घ्यायची नाही.

"दिवसभर पडद्याला डोळे लावून बसणारी ती पोरं," मावशी म्हणाली. "त्यांच्याशी बोलायचंय कुणाला?"

मावशी हिशेबाला पक्की. इथे मात्र चुकली.

पहिल्याच दिवशी सान्तियागोत जुलैचा पाऊस तिरका कोसळत होता. सभागृहाबाहेर सोपाइपियाच्या गाडीवर ताडपत्रीखाली दोघंच उरली होती आणि कढईत भोपळ्याची एकच सोपाइपिया फुगत होती.

"शेवटची," गाडीवाली म्हणाली. "भांडा, नाहीतर वाटून घ्या."

"तुम्हीच घ्या," शेजारचा उंच, ओलाचिंब तरुण म्हणाला. "फक्त पाठ करून खा. मी चिलोए बेटावरचा. आमची नजर फार लवकर लागते."

"मग डोळे मिटा की!"

"मिटले तर मी बघू काय?"

अंपारोने सोपाइपिया मोडली, मोठा तुकडा त्याला दिला... आणि देताना त्याच्याकडे बघणं राहून गेलं, असं तिने स्वतःला पटवलं.

तासाभराने आत, सान्तियागो संघाच्या चौथ्या खुर्चीमागे ती उभी राहिली, तर खुर्चीत तोच. गास्पार ओयार्सून.

"माऊस दाखवा."

"ओळख वाढली की लोक मवाळ होतात. तुम्ही एकदम दरडावायलाच लागलात, पंचबाई?"

"कीबोर्ड उलटा करा. आणि तोंड बंद."

सामन्याआधी पंचाने प्रत्येक खेळाडूची सामग्री हाताने तपासायची, असा नियम. या दोघांच्या वाट्याला कायद्याने मंजूर झालेलं तेवढंच आलं. तो हेडफोन मुद्दाम गुंतवून ठेवी, ती मुद्दाम सावकाश सोडवी. वायरीच्या दोन टोकांना दोघांची बोटं... आणि मध्ये अख्खी नियमावली.

"एवढी गाठ बसते कशी रोज?"

"बसत नाही. बसवावी लागते," तो पडद्याकडे बघत पुटपुटे, आणि तिचे कान तापत.

तोही हिशेबातला माणूस होता. खेळापायी त्याने विद्यापीठ सोडलं होतं, बापाने बोलणं टाकलं होतं. अजिंक्यपद मिळालं तर संघ जागतिक स्पर्धेसाठी सेऊलला जाणार. "सेऊलहून फोन केला तर उचलेल म्हातारा," तो एकदा वायर गुंडाळताना म्हणाला. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही.

अंतिम सामना आर्जेन्टिनातल्या रोसारियोच्या संघाशी होता. दोन्ही संघ बरोबरीत, शेवटचा डाव, सभागृह श्वास रोखून बसलेलं. आणि जमीन हलली.

फार नाही. खुर्च्या कुरकुरल्या, वरच्या दिव्यांची रांग झोके घेऊ लागली. सान्तियागोच्या माणसाने अशा वेळी जे करायचं तेच अंपारोने केलं. मान वर केली, दिव्यांचा झोका डोळ्यांनी मोजला, "एवढासाच," असं मनात म्हणून मान खाली घातली. हजार प्रेक्षकांनीही तेच केलं. खोलीत काहीही बिघडलं तर पंचाने खेळ तत्काळ थांबवायचा, हा नियम तिला तोंडपाठ होता. पण काही बिघडलंय, हेच इथल्या कुणाच्या मनात आलं नाही.

रोसारियो सपाट मुलखातलं गाव, तिथली जमीन हलत नाही. त्यांच्या पाचही पोरांचे हात कळांवरून उडाले. एक तर टेबलाखाली शिरला. तेवढ्यात गास्पारच्या संघाने त्यांचा तळ उडवला. सान्तियागो अजिंक्य! छतावरून सोनेरी कागद पडले, तेव्हा कुठे अंपारोचं लक्ष समोरच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यांकडे गेलं.

रोसारियोने तक्रार केली. मुख्य पंच एरिबेर्तो यांनी तिला कोपऱ्यात घेतलं.

"पोरी, जाणवलं होतं?"

"जाणवलं. दिवे बघितले मी. तेवढ्यासाठी कोण उठतं?"

"तेच म्हणतो. 'लक्षात आलं नाही' असं लिही, गोंगाट होताच. खरं लिहून निकाल फिरणार नाही. त्याला जिंकलेल्या संघातला एक तरी खेळाडू साक्षीला लागतो, आणि असं कोण उभं राहतंय? फिरेल ती तुझी खुर्ची."

मागच्या जिन्यात गास्पार उभा होता. गळ्यात पदक, खिडकीवर पाऊस.

"खरं लिहू नकोस," तो म्हणाला. त्याने तिला आज पहिल्यांदा 'तू' म्हटलं, आणि तेही असं.

"तुला कळलं होतं?"

"त्यांचा मधला गडी रस्त्यात नुसता उभा राहिला... तसाच. मला कळलं. पण हात पुढे गेले, अंपारो."

"माझे जागचे हलले नाहीत. तेच झालं ना?"

"त्या निकालात सेऊल आहे. बाबा आहेत."

"माहीत आहे मला."

"आणि एक अजून... मी तुला—"

"नको!" तिने हात वर केला. "आज बोललास, तर ते लाच वाटेल."

ती खाली गेली. कागदावर लिहिलं, 'जमीन हलल्याचं मला कळलं. खेळ थांबवणं माझं काम होतं. मी थांबवला नाही.' सही केली.

तिला घरी पाठवलं. रविवारी डाव पुन्हा खेळवला आणि रोसारियो जिंकलं. अंपारोने सामना दुकानातल्या छोट्या टीव्हीवर पाहिला. गास्पारच्या खुर्चीत दुसराच मुलगा होता. आजारी पडला असेल, असं तिला वाटलं... की तोंड बघायचं नसेल आपलं?

बुधवारी तो दुकानात आला. खांद्याला पिशवी, केस ओले. आतल्या खोलीत मावशीच्या विणायच्या सुया थांबल्या.

"रविवारी खेळला नाहीस," अंपारो म्हणाली.

"संघाने नारळ दिला."

"का?"

"मी साक्ष दिली म्हणून."

तिच्या हातातली लोकरीची लड गल्ल्यावर पडली. "तू? अरे, तूच म्हणालास ना, लिहू नकोस!"

"म्हणालो. आणि म्हणताना मनापासून म्हणालो, खोटं कशाला सांगू?" त्याने पिशवी खाली ठेवली. "तू जिना उतरलीस आणि मी तिथेच उभा राहिलो. तू मला बोलू दिलं नव्हतंस. म्हटलं, ते लाच वाटणार नाही, एवढी सोय आधी करावी."

बाहेर गटारातून पाणी धावत होतं. कुणी तरी छत्री झटकत पुढे गेलं.

"मग आता बोल," ती हळूच म्हणाली.

"मला तू हवी आहेस. द्यायला काही उरलेलं नाही, हे आधीच सांगतो."

अंपारोने त्याचा गार हात दोन्ही हातांत धरला. तपासणी नव्हती, तरी बराच वेळ सोडला नाही.

"गाडी कितीची?"

"सातची. बाबांना तोंड दाखवून येतो. दार उघडतील की नाही, देव जाणे."

"नाही उघडलं, तर लगेच परत फिर. उघडलं, तर चार दिवस राहून ये. पण ये."

"येतो."

गाडी सुटेपर्यंत ती फलाटावर भिजत उभी होती.

आता हिशेब. रोसारियोला चषक मिळाला. एरिबेर्तोंना दुसरी पंच मिळाली. लीगच्या नियमावलीत 'जमीन हलल्यास' अशी एक ओळ वाढली आणि पहिला हंगाम स्वच्छ पार पडल्याची शाबासकी आयोजकांनी घेतली. किंमत मोजली ती दोघांनीच. तिने खुर्ची दिली, त्याने सेऊल. आणि दोघांनीही ती एकमेकांना न विचारता मोजली.