पाहुणी थांबली

वीज गेली, तशी पोरं पेसामिनोमामांच्या चटईशी सरकली.

"मामा, भुताची सांगा. पण खरी हं."

"खोटी मला येतच नाही," मामा म्हणाले. "लोइमाता माझी चुलतबहीण. गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट, पांढऱ्या रविवारची, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या सणाची, आदली रात्र. खोटं वाटत असेल तर तिलाच जाऊन विचारा. ती सांगणार नाही, ते वेगळं."

लोइमाता लेकीला घेऊन माहेरी, मनोनो बेटावर निघाली होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिची कूस रिकामी होती. उपास झाले, रडून झालं. शेवटी माहेरच्या चर्चमध्ये ती बोलली होती, देवा, मूल दे. मुलांच्या रविवारी त्याच्या तोंडून इथंच तुझं वचन म्हणवीन. फिलेमू आता पाच वर्षांची झाली होती, आणि बायबलातलं वचन तिला तोंडपाठ होतं. नवस फेडायचा होता.

सोबत चर्चच्या बायका. माहेरच्या घरात एवढ्या जणी मावल्या नसत्या, म्हणून सगळ्यांसाठी मिळून किनाऱ्यावर एकच फाले, बिनभिंतींचं घर, भाड्यानं घेतलेलं. खांब, वर पानांचं छप्पर, आणि भिंतींच्या जागी गुंडाळून ठेवलेले, पानांचे विणलेले पडदे. होडीतून उतरल्या उतरल्या जागेवरून जुंपली.

"पेलेनाबाई, तुम्ही समुद्राकडे झोपा. घोरलात तर मासे तेवढे पळतील."

"आणि तू माझ्या पायाशी झोप गं, म्हणजे माझी लाथ वाया जायची नाही!"

या गोंधळात सांजेच्या प्रार्थनेचा शंख कधी वाजून गेला ते कुणाला कळलं नाही; प्रार्थना राहूनच गेली. मग खिदळत सगळ्या उद्याच्या गाण्यांच्या तालमीला गेल्या. फिलेमू पेंगुळली होती, म्हणून लोइमाता मागे राहिली. तिनं मच्छरदाण्या बांधल्या, पडदे सोडले. समुद्राकडचा पडदा मात्र अडकला होता. लेकीला निजवून तिनं ताटलीत उकडलेल्या अळकुड्या आणि नारळाच्या दुधातली पानं घेतली.

समोर वाळूतून एक बाई चालली होती.

लोइमातानं मान वर न करताच हाक घातली, "या, जेवायला या!"

"आम्हीपण घालतो की हाक," पोरांतला सेफो मध्येच बोलला. "कुणी येतं थोडंच?"

"येत नाहीत म्हणून तर घालतो रे. 'झालंय माझं, चालू दे' म्हणायचं आणि पुढं जायचं." मामांनी दिव्याची वात खाली केली. "ती थांबली."

थांबली. मग वाळू सोडून आत आली आणि खांबाशी बसली. लुगडं अंगाला चिकटलेलं. पाणी निथळत होतं. मनोनोवर कुत्री नाहीत, त्यामुळे कुणी भुंकलं नाही.

"घ्या ना," लोइमातानं ताटली पुढं केली.

बाईनं ताटलीकडं पाहिलंच नाही. ती मच्छरदाणीकडं पाहत होती.

"तुझी?"

"माझी."

"माझ्याजवळ निजेल..."

जा कसं म्हणायचं? हाक तर आपणच घातली. बोलावलेल्या पाहुण्याला आजवर लोइमातानं कधी उठवलं नव्हतं. ती सरपटत मच्छरदाणीत शिरली. लेकीला पोटाशी धरलं. डोळे मिटले.

पाठीमागे गादी दबली.

गार... ओलं... अगदी मानेशी.

"जेवण घ्या," ती कुजबुजली. "गादी घ्या, माझी जागा घ्या. ही नाही. ही मी मागून आणलीय... देवाकडून."



तिनं प्रार्थना सुरू केली. शब्द फुटेनात. एवढ्यात पोटाशी फिलेमू झोपेतच पुटपुटू लागली. उद्याचं वचन. पहिली ओळ... दुसरी...

तिसऱ्या ओळीला आवाज दोन होते.

एक पोटाशी. एक पाठीशी.

मग एकही नाही.

फक्त लाटा...

बायका गात परतल्या. पेलेनाबाईंनी विजेरी मारली. "अगं, किती आवळून धरलंयस पोरीला! गुदमरेल ना. सोड, ऊठ."

लोइमाता उठायला गेली. डोकं उचलेना. फिलेमू झोपेतच कळवळली. पेलेनाबाईंनी विजेरी जवळ आणली.

आईचे केस आणि लेकीचे केस. दोघींची मिळून एकच वेणी, घट्ट, शेवटापर्यंत घातलेली.

 

"फिलेमू...?" सेफो मामांच्या आणखी जवळ सरकला.

"वाचली रे. देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी पांढरा झगा घालून तिनं वचन म्हटलं, एक शब्द चुकली नाही. डोक्याला मुलासारखे आखूड केस. वेणी सुटेचना, कापावी लागली होती. लोइमाताला ती टाकवली नाही. घरी आढ्याला टांगून ठेवलीय, चुलीच्या वर. मागच्या महिन्यात गेलो होतो, तेव्हा हातात धरून पाहिली."

"मग?"

मामांनी आपल्या तळव्याकडं पाहिलं.

"अजून ओली आहे."