वरच्या मजल्यावर माझा बायोडाटा

माझा लग्नाचा बायोडाटा सगळ्यांत आधी झळकला तो वरच्या मजल्यावरच्या अप्पारावकाकांच्या टीव्हीवर.

झालं असं, की आईला लॅपटॉपवरची बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून मी वायफायवरून स्क्रीन आमच्या टीव्हीवर टाकत होते. यादीत एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन टीव्ही दिसले. घाईत मी एक निवडला. वर काकांच्या टीव्हीने परवानगी विचारली आणि त्यांनी रिमोटवर 'हो' दाबून टाकलं. ते काहीही दाबतात. आमचा टीव्ही काळा तो काळाच. मी वैतागून आईने लिहिलेलं 'गोरी' खोडलं, 'सावळी' लिहिलं... आणि बेल वाजली.

दारात एक उंच मुलगा, अप्पारावकाकांचा. पडेगावच्या आमच्या इमारतीत हे लोक नुकतेच राहायला आले होते.

"तुम्हीच स्वरदा ना?" तो हसू दाबत म्हणाला. "तुमचं सगळं आमच्या टीव्हीवर येतंय. 'सावळी'च राहू द्या... छान वाटतंय."

खरं तर मी दार आपटायला हवं होतं. मी त्याला नाव विचारलं.

राजकुमार. छावणीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचा. मग कधी जिन्यात, कधी गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलणं वाढत गेलं. एकदा माझा हात बघून म्हणाला, तुझी नस फार सुंदर आहे. असलं कौतुक कुणी ऐकलंय? मला मात्र दिवसभर तेच आठवत होतं.

पण त्यापुढे तो सरकेना. कारण मला ठाऊक होतं. माझ्या बायोडाटात आमची जात ठळक अक्षरांत होती आणि त्यांच्या हॉलमध्ये बुद्धांची मूर्ती. तो घाबरत होता आणि मी तरी कुठे शूर होते?

तेवढ्यात हैदराबादचं स्थळ आलं. पत्रिका जुळली. रविवारी दुपारी ते मला व्हिडिओ कॉलवर बघणार, मी पसंत पडले की लगेच बोलणी. कॉल मोठ्या टीव्हीवर हवा, म्हणून आईने बोलावलं कुणाला? राजकुमारला!

मी साडी नेसून सोफ्यावर, तो लॅपटॉप घेऊन खाली सतरंजीवर. आई स्वयंपाकघरात. तो वायफाय बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. आमच्या टीव्हीचं नाव समोर दिसत होतं, पण त्याचं बोट तिथवर जायचं आणि मागे यायचं.

"जमत नाही का?" मी विचारलं.

"जमतं."

"मग?"

त्याने मान वर केली नाही. "तुला दुसऱ्यांना दाखवायला मीच टीव्ही लावून देऊ...? नाय होत माझ्यानं. लई आवडतेस तू मला, स्वरदा."

माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मी वाकून लॅपटॉप मिटला आणि तडक स्वयंपाकघरात गेले.

आई कोथिंबीर चिरत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने सुरी खाली ठेवली, गॅस बंद केला.

"लोक बोलतील," ती म्हणाली.

"बोलतील."

"तू नीट विचार केलायस?"

मी होकारार्थी मान हलवली. मग ती स्टुलावर बसली आणि तिने मोठा श्वास सोडला. "हैदराबाद फार लांब होतं गं. स्थळ आल्यापासून माझा डोळा लागलेला नाही."

मी तिला म्हटलं, त्यांना खोटं कारण देऊ नकोस. तिने दिलं नाही. मुलीला आधी विचारायला हवं होतं, माझंच चुकलं, माफ करा, असं तिने फोनवर सरळ सांगितलं. पलीकडच्या बाई थोड्या नाराज झाल्या, पण नीट बोलल्या.

फोन ठेवून आईने कढईतले पोहे बशांमध्ये काढले, वर कोथिंबीर भुरभुरली. राजकुमारची बशी तीच नेऊन देईल म्हणून मी बाजूला झाले. तिने ट्रे माझ्या हातात दिला आणि माझा पदर सारखा केला.

"पोहे मुलीनंच न्यायचे असतात," ती म्हणाली. "हो पुढे. मी येते मागून."

मला ट्रे घेऊन येताना बघून राजकुमार गडबडून उभा राहिला.