वाकून ऐकावं लागतं

रमजानातल्या एका दुपारी मी नेहमीसारखी ध्वनिमुद्रणाला बसले होते. स्फाक्स शहराच्या जुन्या वस्तीतलं आमचं छोटं रेडिओ केंद्र. जाड भिंती, खिडकी नाही, गालिच्यांचा कोंदट वास. काचेपलीकडे आमचे निवेदक मुन्सिफसाहेब शेकडो वर्षांपूर्वीचं विनोदाचं पुस्तक वाचत होते. रोजा सुटल्यावर घरोघरी ऐकायचा कार्यक्रम. पानोपानी बायकाच: कजाग, खादाड, बडबड्या. मला वीट आला होता.

“दलेंदा, इथे हशा टाक हं,” म्हणत त्यांनी वाचलं. एकाने उलट बोलणाऱ्या बायकोला विहिरीत ढकललं. शेजाऱ्याने विचारलं, ‘आता तरी गप्प झाली का?’ तो म्हणाला, ‘छे! बोलतेच. फक्त आता वाकून ऐकावं लागतं.’

“यात हसायचं काय, साहेब? खून आहे हा.”

“अगं बाई, जुना विनोद आहे! तेव्हाचे लोक हसले, तुझ्याच कपाळाला का आठ्या? तुम्हा आजकालच्या मुलींना ना...”

हे इतक्यांदा ऐकलंय की वाद घालायचाही कंटाळा येतो. मी मुद्रित झालेला तुकडा परत लावून ऐकला. विनोद संपल्यावर थोडी शांतता होती. त्या शांततेत पाणी हललं. आणि खोलवरून एक बाई काहीतरी म्हणाली.

“ही चेष्टा तुझी?” साहेब भडकले.

“माझी नाही.”

त्यांनी पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. शब्द कळेनात, पण सूर रागाचा नव्हता. थकलेला होता, शंभरदा सांगून झालेलं परत सांगावं लागतं, तसा. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर साहेब सावकाश टेबलावर वाकले आणि त्यांनी लाकडाला कान लावला.

“साहेब?”

“थांब... बोलतेय ती...”

शेवाळाचा वास माझ्या खोलीपर्यंत आला. मी धावत आत गेले, खांद्याला धरून त्यांना उठवलं. त्यांच्या कानातून गार पाणी ओघळून कॉलरमध्ये उतरत होतं.

“काय म्हणाली?”

“नाव सांगितलं स्वतःचं,” ते कुजबुजले. “पुस्तकात... नाव दिलेलंच नाही.”

“मग?”

“मग म्हणाली... आता हस.”

पुस्तक तिथेच टाकून ते घरी गेले. मी सगळं मुद्रण पुसून टाकलं आणि कार्यक्रमाच्या वेळी नुसतं ऊद या तंतुवाद्याचं वादन लावलं.

घरी पोचले तेव्हा आई जेवणाची भांडी आवरत होती.

“वादन छान होतं गं,” ती म्हणाली. “पण मागे इतक्या बायका कशाला बोलत होत्या?”