खुंटी पुन्हा बाहेर आली

थापच मारायची असती, तर मी अमावस्येची रात्र आणि पिंपळ घेतला असता. हे घडलं भर दुपारी, सिंगापूरला, तोआ पायोह भागातल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर. २०१६ मधला रविवार होता आणि घर माझ्या आतेबहिणीचं, उल्काचं.

उल्का आर्किटेक्ट. भुताखेतांना हसणारी.

फ्रान्समधलं एक जुनं लाकडी कोठार सुटं करून रेस्टॉरंटसाठी सिंगापूरला आणलं होतं. ते जसंच्या तसं उभं करायचं, म्हणून फ्रान्समधले सुतार लाकडं कशी जोडत याचा तिने महिनोन्‌महिने अभ्यास केला. लोखंडी खिळा नाही. लाकडात लाकूड अडकवायचं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. प्रत्येक तुळई तिच्याच खांबासाठी तासलेली, दुसरीकडे बसायची नाही.

एक तुळई कुजकी निघाली. उल्काने मशीनवर नवी कापून घेतली. सांध्यात किंचित फट राहिली. तिने म्हटलं, चालेल.

त्या रविवारी सगळा सांगाडा उभा होता. कामावरच्यांच्या घरच्यांना बघायला बोलावलं होतं. नवरा निशिकांत सात वर्षांच्या लेकीला, राधिकाला घेऊन पुढे गेला. उल्का रिपोर्ट संपवत घरी थांबली.

ठक...

वरच्या घरात काम चाललं असेल, तिला वाटलं. पण रविवारी तिथे ठोकाठोकीला बंदी.

ठक... ठक...

आवाज डायनिंग टेबलावरून येत होता.

तिथे तिने केलेलं कोठाराचं छोटं मॉडेल होतं. खुंट्या साते कबाबच्या बांबूच्या काड्यांच्या. त्यातली एक अर्धी बाहेर आली होती. तिने अंगठ्याने दाबून बसवली आणि वळली.

ठक...

खुंटी पुन्हा बाहेर.

मग तिच्या लक्षात आलं... बाकी काहीच ऐकू येत नव्हतं. पंखा फिरत होता, पण घरघर नाही. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांचा कालवा नाही.

तिच्या डोळ्यांदेखत खुंटी सावकाश सरकली आणि टेबलावर पडली. सांधा त्याच नव्या तुळईचा होता.

उल्काने निशिकांतला फोन लावला.

"राधिका कुठेय?"

"माझ्याजवळ. तुझ्या नव्या तुळईखाली फोटो काढतोय."

"तिला घेऊन बाहेर हो. सगळ्यांना बाहेर काढ. कारण विचारू नकोस."

मागून राधिका तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, दॅट अंकल ऑल्सो से गो आउट लाह. वर बसलेत ते."

निशिकांतने वर पाहिलं. तुळईवर कोणी नव्हतं. तो पोरीला उचलून, ओरडत पळाला.

फोनमध्ये आधी करकर ऐकू आली... मग धाडकन आवाज. मग काहीच नाही.

उल्का हाका मारत राहिली. शेवटी राधिकाचं रडणं ऐकू आलं.

कोणाला खरचटलंही नाही. तुळई बरोबर त्या दोघांच्या जागेवर पडली होती. चूक उल्काने कबूल केली. आम्ही सगळे म्हणालो, देव पावला.

काही दिवसांनी तिने लेकीला जवळ घेऊन विचारलं, ते अंकल कोणत्या भाषेत बोलले?

"मराठी," राधिका म्हणाली. "तोंड अंकलचं होतं, ममा. आवाज तुझा."

तेव्हापासून उल्का लेकीला लांबून हाक मारत नाही. जवळ जाते, खांद्याला हात लावते, मग बोलते. ज्या आवाजाने पोरीला बाहेर काढलं, त्याने उद्या कुठे बोलावलं तर, ही एकच भीती तिला आहे.

गेल्या दिवाळीत दोघी पुण्याला आमच्याकडे होत्या. उल्का बाजारात गेलेली. राधिका माझ्यासमोर रांगोळीत रंग भरत होती.

अचानक तिचा हात थांबला. तिने छताकडे पाहिलं.

"आले, ममा," ती म्हणाली आणि उठली.