सावरक

वाघबिळाच्या उतारावर गाडीने पुन्हा हिसके दिले, तशी वैजयंती घाटगे यांनी तिला एक सणसणीत शिवी हासडली. शेजारच्या सीटवर ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे शिवी वाया गेली. यजमान गेल्यापासून त्या पन्हाळ्यावर एकट्याच राहत होत्या, आणि गाडीशी बोलायची सवय तेव्हापासूनची.

गाडी इंजिनाची होती, कारखान्याच्या पंपावरच्या इथेनॉलवर चालणारी. रस्त्यावर आता बहुतेक गाड्या बॅटरीच्या. इंजिनवाले उरले ते हौशी नाहीतर हट्टी. वैजयंतीबाई दोन्ही होत्या. तरुणपणी त्यांनी रॅलीत भल्याभल्यांना धूळ चारली होती. पण वर्षभर ही गाडी मंद वाटत होती. पाय दाबला की जरा विचार करायची, मग निघायची. विचार करणारी गाडी त्यांना नको होती. म्हणून त्यांनी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप जिच्यात बसवलेली असते ती नळी, उतरवून लेथवर नेली आणि आतलं भोक रुंद करून तिचा बोअर वाढवून घेतला. मोठी झडप, जास्त हवा, जास्त दम. दम आला खरा, पण सोबत हे हिसकेही आले.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या गॅरेजात इकबाल मुजावरने बॉनेट उघडलं. त्यांची रॅलीची गाडी इकबालचे वडील सांभाळायचे. आता इकबालचीच दाढी पिकली होती, तरी तो त्यांना आक्काच म्हणायचा.

"बोअर कुणी केला, आक्का?"

"लेथवाल्याच्या उरावर बसून करून घेतलाय."

"मग चूक काढायची सोयच न्हाई," इकबाल म्हणाला आणि तरीही चूक शोधू लागला. आधी त्याने जोडातल्या गॅस्केटच्या कडेने क्लीनरचा फवारा मारला. कुठून चोरटी हवा जात असती, तर इंजिनाचा आवाज लगेच बदलला असता. बदलला नाही. मग झडप किती उघडते हे सांगणारा सेन्सर तपासला. तोही निर्दोष.

"सावरक कोरा केलासा न्हवं, झडप बसवल्यावर?"

"केला. तेवढं कळतं मला."

सावरक म्हणजे पेडल आणि झडप यांच्या मधली पेटी. नव्या गाड्यांत पाय झडपेला थेट जोडलेला नसतो. पाय काय मागतो ते सावरक ऐकतो, हळूहळू चालकाची सवय शिकतो आणि पायाच्या मागणीतले खाचखळगे भरून झडपेला हुकूम देतो. कुणाचाही पाय मग सराईत वाटतो. लोकांना हे इतकं आवडलं की सावरक सगळीकडे शिरला. कॅमेऱ्यात शिरून त्याने थरथरते फोटो स्थिर केले, फोनमध्ये शिरून कापरे आवाज खणखणीत केले. झडप बदलली की मात्र गाडीतल्या सावरकाचं आधीचं शिक्षण पुसावं लागतं. नाहीतर तो नव्या झडपेला जुन्या मापाने हुकूम सोडतो.

इकबालने गाडी बाहेर काढली आणि एक चक्कर मारून आणली. कुठे हिसका नाही, की धक्का नाही.

"मस्त पळती की!"

वैजयंतीबाई स्टिअरिंगवर बसल्या आणि फाटकापर्यंत जाईतो गाडीने चारदा मान हलवली. त्यांचा चेहरा लाल झाला.

"आता तू मला गाडी चालवायला शिकव, एवढंच राहिलंय."

"तसं कुठं म्हणतोय मी?" इकबाल टॅब घेऊन आला. पडद्यावर दोन रेघा होत्या. त्याच्या पायाची रेघ सरळ चढून सरळ उतरलेली होती. वैजयंतीबाईंची करवतीच्या पात्यासारखी दातेरी होती. "पेडलमध्येच काय असंल तर माझ्या पायालाबी घावलं असतं."

त्यांनी रागारागाने चप्पल काढून बाजूला भिरकावली आणि अनवाणी पायाने रेस दिली. रेघ दातेरीच आली. इकबाल उघड्या दाराशी उकिडवा बसला होता. पेडलकडे बघता बघता त्याने हात लांबवून किल्ली फिरवली.

"आक्का, पाय काढा पेडलवरनं. खाली नुसता टेकवून ठेवा."

त्यांनी टेकवला. मॅटवर त्यांची बोटं लयीत हलत होती.

"इंजिनची थरथर आहे ती," त्या म्हणाल्या.

"इंजिन मी मघाशीच बंद केलंय, आक्का."

त्यांनी पाय दाबून धरला. सोडला. तो पुन्हा हलू लागला. कुणा परक्याचा पाय आपल्या गाडीत आल्यासारख्या त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

खात्री करायचा एकच मार्ग होता. पुसण्याआधीचं शिक्षण पेटीत जपलेलं असतं. झडपेची नवी मापं तशीच ठेवून इकबालने त्यातली फक्त पायाची सवय परत चढवली. वैजयंतीबाईंनी चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी पळाली. फक्त, पाय दाबला की ती जरा विचार करायची, मग निघायची.

म्हणजे गाडी मंद नव्हतीच. पाय जितका थरथरेल, तितकं सावरकाला जास्त थांबून, जास्त निवडून हुकूम द्यावा लागत होता. वर्षभर तो त्यांच्या पायावर पांघरूण घालत होता. त्यांनी मात्र दोष झडपेला दिला आणि चांगली थ्रॉटल बॉडी कापून आणली.

"त्याला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मग सांगितलं का नाही मला?"

"सांगायला न्हाई केल्यालं ते, आक्का. सावरायला केलंय."

टेबलावरचं पाण्याचं भांडं थरथरायचं, ते त्यांना आठवलं. शेजारच्या रिसॉर्टच्या जनरेटरमुळे घर हादरतं, म्हणून त्या तिथल्या मॅनेजरशी कडाकडा भांडल्या होत्या. तो बिचारा जनरेटर बंद असल्याचं शपथेवर सांगत होता. घरात दुसरं माणूस असतं, तर पहिल्याच आठवड्यात म्हणालं असतं, अगं, पाय किती हलवतेस! यजमान तर नक्कीच म्हणाले असते; त्यांना टोकायची खोडच होती. ती खोड आज त्यांना फार हवीशी वाटली. आपल्याला बघणारं जगात कुणी उरलं नाही, हे त्यांना एका टॅबच्या पडद्यावरून कळत होतं, आणि त्याचं दुःख पायाच्या दुःखापेक्षा मोठं होतं.

"ऱ्हाऊ द्या का ही सवय चढवल्याली?" इकबालने हळूच विचारलं. "गुमान घरी जाशिला."

"आणि पुढे?"

"ते भरत ऱ्हाईल. भरता येतंय तवर."

गाडी होती म्हणून पन्हाळ्यावरचं घर होतं. गाडी सुटली की घर सुटणार. सांगलीची भाची रेवती केव्हापासून मागे लागली होती, मावशी, माझ्याकडे राहायला ये. ही गोष्ट तिला कळली तर ती ऐकणार नव्हती. न कळू देणं मात्र अगदी सोपं होतं. काहीच करायचं नव्हतं.

वैजयंतीबाईंनी वाघबिळाचं वळण डोळ्यांपुढे आणलं. समोरून येणारी माणसं आणली.

"पूस ते. कोराच ठेव."

"मग घाट?"

"घाट तू चढवशील. मी शेजारी बसून चुका काढीन."

इकबालने टॅब हातात घेतला. त्या बाकावर बसल्या आणि त्यांनी फोन काढला. दर रविवारी रेवती म्हणायची, "मावशी, आवाज कसला ठणठणीत आहे गं तुझा!" आणि त्यांना ते ऐकून बरं वाटायचं. आज त्यांनी फोनमध्ये शोधून शोधून आवाजाचा सावरक काढला. त्यावर बोट ठेवताना बोटही जरा हललं. त्यांनी तो बंद केला आणि भाचीला फोन लावला.

"रेवा, मी बोलतेय," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना नेहमीसारखाच वाटला.

पलीकडे सुरू असलेला टीव्ही बंद झाला.

"मावशी? आवाज असा का येतोय तुझा? तू बरी आहेस ना?"