भूत थँक्स म्हणत नाही

डेपोप्रमुख बेव्हनने अख्ख्या डेपोसमोर लॉकीची माफी मागितली. पण बेव्हन म्हणतो, असं काही घडलंच नाही. बरं, नाही घडलं! तर मग गुरुवारी सकाळी...

"भूत आहे की खोडकर माणूस, हे आधी ठरवू," इमी म्हणाली.

"आधी खाऊ," तिचा मित्र टविटा म्हणाला. त्याच्या तोंडात खोबऱ्याचा केक होताच.

इमीचा भाऊ लॉकी एकोणीस वर्षांचा. ऑटिस्टिक तरुणांना बसच्या कामाचा अनुभव मिळावा म्हणून वॉटल बे गावाच्या बस डेपोने काही जणांना घेतलं होतं, त्यांत तो होता. चाकांच्या खुर्चीसाठी उतरती फळी टाकायची, आसनं पुसायची, उतरणाऱ्यांनी दाबायच्या घंटीची बटणं तपासायची. गळ्यात कामांची चित्रकार्डं, गोंगाट वाढला की कानांवर निळे हेडफोन. लॉकी मजेत होता. काम आवडलं तर नोकरी पक्की!

आणि नेमकी त्याच्याच बसची घंटी आपोआप वाजायला लागली. समुद्राकाठचं वळण आलं की टिंग! ड्रायव्हर मर्लीन बस थांबवायची. उतरायचं मात्र कोणीच नाही.

"बटणं हाच पोरगा हाताळतो," बेव्हन म्हणाला होता. "आज पुन्हा वाजली, तर उद्यापासून घरी!"

"मी बस उभी असतानाच तपासतो," लॉकी म्हणाला. "आणि ते भूतही नाही."

"कशावरून?" टविटाने विचारलं.

"उतरताना थँक्स म्हणत नाही."

इथे ड्रायव्हरला थँक्स न म्हणता उतरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पुरावा भक्कम होता.

"लॉकी, कधी वाजली नाही असं झालंय?" इमीने विचारलं.

"मंगळवारी."

"मंगळवारी वेगळं काय होतं?"

लॉकीने डोळे मिटून विचार केला. मग एक कार्ड पुढे केलं. बेवारस वस्तू, बाण, कपाट. "मागच्या सीटमागची मासे पकडायची काठी मी कपाटात ठेवली होती. बेव्हन ओरडला. कामावरून सुटल्यावर तो याच बसने धक्क्यावर मासे पकडायला जातो. म्हणून बुधवारी परत ठेवली. त्याने ती पहिल्यासारखीच रबरी पट्ट्याने बांधली."



"अरे देवा!" इमी किंचाळली. "चला, बेव्हनला फिरायला नेऊ!"

बेव्हनला फसवणं अवघड नव्हतं. "आज घंटी वाजवणाऱ्याला रंगेहाथ पकडून देतो," टविटा म्हणाला, आणि बेव्हन ऐटीत मागच्या सीटवर बसला. लॉकी पार पुढे, मर्लीनशेजारी उभा. इमीने त्याच्या एका हातात बेव्हनची कॉफी दिली, दुसऱ्या हातात बेव्हनचा डबा.

"हात भरलेत ना? नीट बघून घ्या," ती बेव्हनला म्हणाली.

"बघतोय, बघतोय!"

वळण आलं. बस कलली. मागची काठी डुलत डुलत आली, बेव्हनची टोपी उडवली, लाल बटणावर टेकली... टिंग! आणि पट्ट्याने खेचल्यासरशी पुन्हा सरळ उभी राहिली, शाळेत प्रार्थनेला राहावं तशी.

मर्लीनने बस थांबवली. "कोण उतरतंय?"



"बेव्हन," लॉकी शांतपणे म्हणाला, "तुमची काठी उतरतेय. थँक्स तुम्हीच म्हणा."

बस हसून हसून हलली. मर्लीन तर डोळे पुसत म्हणाली, "शाब्बास पोरांनो! आणि लॉकी, हाच पोरगा मला माझ्या बसवर हवा!"

शुक्रवारी लॉकीला नाव शिवलेला डेपोचा शर्ट मिळाला. काठी कपाटात गेली. माफीचं मात्र, सांगितलंच, काही घडलंच नाही. घडलं ते इतकंच, की सोमवारी सूचनाफलकावर बेव्हनच्या सहीचा एक अर्ज लागला:

"रस्ते विभागास नम्र विनंती. वॉटल बेचे वळण त्वरित सरळ करून मिळावे. सध्याच्या वळणामुळे एका निरपराध काठीची नाहक बदनामी झाली आहे. कळावे."